पीएम स्वनिधी योजना
शहरांतील पथविक्रेत्यांना विनातारण खेळते भांडवल पुरवणारी केंद्र शासनाची सूक्ष्मपतपुरवठा योजना. पूर्ण नाव : प्रधानमंत्री पथविक्रेता आत्मनिर्भर निधी.

उगम : मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे फेरीवाले, हातगाडीवाले व टपरीधारकांचे भांडवल संपुष्टात आले. त्यांना व्यवसाय पुन्हा सुरू करता यावा म्हणून केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने १ जून २०२० रोजी ही योजना सुरू केली. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम ही तिची वैधानिक पार्श्वभूमी होय (पहा : फेरीवाला धोरण).

स्वरूप : प्रारंभी १०,००० रु., वेळेवर परतफेडीनंतर २०,००० रु. व पुढे ५०,००० रु. असे कर्जाचे तीन टप्पे होते. २०२५ मध्ये योजनेस ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली. पहिले दोन टप्पे अनुक्रमे १५,००० व २५,००० रु. झाले. नियमित परतफेडीवर ७ टक्के व्याज अनुदान आणि डिजिटल व्यवहारांवर रोख परतावा मिळतो. कर्जे बँका व सूक्ष्मवित्त संस्था देतात. भारतीय लघुउद्योग विकास बँक ही अंमलबजावणीतील भागीदार आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, ओळखपत्र व शिफारसपत्र ही कामे महानगरपालिका व नगरपरिषदांकडे असतात (पहा : नागरी स्थानिक स्वराज्य संस्था).

महत्त्व : सावकारी कर्जावर अवलंबून असलेला असंघटित व्यावसायिक यामुळे औपचारिक पतव्यवस्थेशी जोडला जातो व त्याचा परतफेडीचा इतिहास नोंदला जातो. जानेवारी २०२१ पासून लाभार्थी कुटुंबे विमा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका आदींसंबंधीच्या आठ केंद्रीय योजनांशीही जोडण्यात येतात (पहा : असंघटित क्षेत्र, मुद्रा योजना).