ध्वनिमुद्रणाचे साधनमूल्य : मंचर–नारायणगाव परिसरातील तमाशाच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे–नाशिक महामार्गावरील मंचर हे आंबेगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. त्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात व गावोगावचे कारभारी तेथे सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे २००२ मध्ये निधन झाले. त्या पिढीचा आवाज आता केवळ मुद्रणातून ऐकता येतो, पुष्कळदा प्रवासात, मोटारीतील ध्वनिसंचावर. असे मुद्रण इतिहासाचे साधन मानावयाचे तर त्यातील कलावंताचे किती व यंत्राचे किती, हे पारखणे आवश्यक ठरते.

माध्यमांची स्थित्यंतरे

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कोलकात्यात प्रारंभ झाला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. रात्रभर रंगणारा वग तीत बसणे अशक्यच होते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे मुद्रणाचा अवधी वाढला, मात्र फितीची सळसळ सोबत आली. १९८२ च्या कॉम्पॅक्ट डिस्कने ध्वनीचे अंकांत रूपांतर केले. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे तिचे प्रमाण. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी टिपता येत असल्याने मानवी श्रवणाची २०,००० कंपनांची मर्यादा त्यात सामावते. दोन वाहिन्या धरून हा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतो. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. कानास सहसा जाणवणार नाही असा तपशील तीत वगळला जातो. झांजेच्या अतिउच्च झंकाराला त्याची झळ प्रथम लागते.

ध्वनिसंचाची जुळणी

बेस वाढविल्यास ढोलकीची धूम, तर ट्रेबल वाढविल्यास झांज व तुणतुणे उठून येतात. बॅलन्स डाव्या–उजव्या व फेडर पुढच्या–मागच्या स्पीकरांतील प्रमाण ठरवितो. मंद आवाजात कानास खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. ‘लाउडनेस’ची कळ त्यासाठीच असते. तथापि बेस १० डेसिबलने वाढविण्यास दसपट शक्ती लागते, व ती अपुरी पडल्यास आवाज फाटतो. शिवाय ही बटणे उरलेल्या ध्वनीचे प्रमाण बदलतात, वगळलेला ध्वनी परत आणीत नाहीत. म्हणून कोणतेही मुद्रण प्रथम सर्व बटणे शून्यावर ठेवून ऐकावे. जुळणी त्यानंतर करावी.

निष्कर्ष

परिसरातील घरोघरी उरलेल्या कॅसेटचे अंकीकरण करताना बेस–ट्रेबलची भर न घालता मूळ प्रत असंपीडित स्वरूपात, शक्यतो २४ बिट व ९६,००० नमुन्यांवर घ्यावी. एमपीथ्री केवळ ऐकण्यापुरती करावी. कलावंत, स्थळ, वर्ष व मूळ माध्यम यांची नोंद सोबत ठेवावी. मूळ फीत नष्ट झाल्यावर संपीडित प्रतच पुरावा ठरते, आणि तिच्यातील उणीव पुढील संशोधक कलावंताच्या माथी मारण्याचा धोका राहतो. महाविद्यालयांनी हे कार्य फिती चांगल्या आहेत तोवरच हाती घेणे अगत्याचे आहे.