सोलापुरी शिकेचं कूळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माणसाला शीक म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. बोकडाच्या मटणाचे तुकडे मसाल्यात मुरवायचे, लोखंडी सळईत ओवायचे आणि निखाऱ्यावर फिरवत भाजायचे. चरबी वितळून निखाऱ्यावर टपकते, तिचा धूर उलटून मटणालाच लागतो. कडा करपायच्या बेतात आल्या की सळई उतरवायची. सोबत कांदा आणि लिंबू.

ही रीत आपल्या भागात फार जुनी आहे. बाराव्या शतकात सोलापूरचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांची राजधानी म्हणजे हैदराबादच्या वाटेवरचं आजचं बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मांस सळईत ओवून निखाऱ्यावर भाजायची कृती आहे. त्या पदार्थाला तो ‘भडित्रक’ म्हणतो. पुढे बहमनी आणि आदिलशाही अमलात इराणी-तुर्की कबाबाची रीत इथे रुजली. सळई तीच राहिली, मसाला बदलला.

याच बोकडाची दुसरी शाखा मेक्सिकोत आहे. शेळी माणसाळली ती इराणच्या झाग्रोस डोंगरात, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी. अमेरिकेत ती नव्हतीच. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत ती जहाजातून पलीकडे गेली आणि स्पॅनिश वसाहतींबरोबर उत्तरेच्या कोरड्या माळांवर पोचली. १५९६ मध्ये वसलेल्या माँतेरे शहराची ओळखच आज ‘कब्रितो’ आहे. महिना-सव्वा महिन्याचं, फक्त आईच्या दुधावरचं करडू उभं फाडून लोखंडी गजावर ताणतात, गज निखाऱ्याशेजारी तिरपा रोवतात आणि तासन्‌तास मंद आचेवर भाजतात. मसाला जवळजवळ नाहीच, नुसतं मीठ. कोवळ्या मांसाला आणखी काही लागत नाही. मूत्रपिंडाजवळच्या तुकड्याला तिथे सर्वाधिक मान. शेळीचं दूध मिठाईसाठी हवं, म्हणून नर करडं लवकर विकायची, हा त्यामागचा गुराख्यांचा हिशेब.

आपल्याकडे करडू इतक्या लवकर कुणी कापत नाही. बोकड वाढवून बाजाराला किंवा जत्रेला काढतात. त्याचं मांस भरलेलं पण निबर असतं, म्हणून मुरवण आली. आणि या मुरवणीत मेक्सिकोनं आपलं देणं फेडलं आहे. मटण मऊ करणारी कच्ची पपई त्याच मुलखातली. मिरचीही तिथलीच, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि मिऱ्याची जागा घेऊन बसली. माँतेरेचं करडू ‘मेस्कीत’च्या लाकडावर भाजतात, त्या झाडाची सख्खी चुलतबहीण म्हणजे आपली वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली आणि दुष्काळी भागात तिचाच कोळसा पाडला जातो.

दोन्हीकडे पाऊस कमी, जमीन खडकाळ. जिथे गाय-म्हैस पोसणं जड जातं, तिथे शेळी काट्याकुट्यावर जगते आणि घर चालवते. आपल्याकडे हे काम उस्मानाबादी शेळीनं केलं. काळीभोर, काटक, बहुधा जुळी करडं देणारी ही जात धाराशिव, लातूर, सोलापूरच्या माळांवर घडली, ती मुख्यतः बायकांच्या आणि धनगरांच्या सांभाळातून. शिकेची चव मसाल्यात आहे, सळईत आहे, पण तिचा पाया या जनावरात आहे. म्हणून सोलापूरला आपली शीक टिकवायची असेल, तर आधी उस्मानाबादीचं वाण शुद्ध राखायला हवं आणि तिला चरायला माळ मोकळे ठेवायला हवेत.