हेतू आणि फळ : प्राचीन ग्रीक क्रियापदाची एक कथा

माणसाची कृती दिसते आणि कालांतराने तिचे फळही दिसते; दिसत नाही तो हेतू. ‘आईने दिवा लहान केला, बाळाला झोप लागावी म्हणून’, या साध्या वाक्यात दिवा लहान झाला हे घडलेले आहे. झोप मात्र अद्याप आईच्या मनातच आहे. बाळ झोपले की रात्रभर रडत राहिले, हे वाक्य सांगत नाही. ‘लागली’ असे न म्हणता ‘लागावी’ म्हटले, एवढ्या एका रूपाने मराठीने घडलेले आणि इच्छिलेले यांत भेद राखला. हा भेद या ना त्या रीतीने प्रत्येक भाषेला राखावाच लागतो. तो किती बारकाईने राखता येतो आणि काळाच्या ओघात त्याची साधने कशी बदलत जातात, हे पाहावयाचे तर प्राचीन ग्रीक भाषेच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगतात. ग्रीक क्रियापदालाही असे अर्थ होते. घडते ते सांगणारा स्वार्थ आणि हुकूम सोडणारा आज्ञार्थ हे दोन मराठी वाचकाच्या परिचयाचेच आहेत. त्यांच्या जोडीला ग्रीकमध्ये आणखी दोन होते. पुढे घडेल अशी अपेक्षा ज्यातून व्यक्त होते, त्याला संभावनार्थ म्हणता येईल. ‘असे होवो’ ही इच्छा किंवा ‘असेही होऊ शकेल’ ही दूरची कल्पना ज्यातून व्यक्त होते, तो इच्छार्थ होय.

हेतू सांगताना ग्रीक लेखक ‘हिना’, ‘होपोस’ किंवा ‘होस’ यांपैकी एखादे अव्यय योजीत असे. मुख्य क्रियापद वर्तमान वा भविष्यकाळाचे असले, तर हेतूचे क्रियापद संभावनार्थात येई. मुख्य क्रियापद भूतकाळाचे असले, तर ते इच्छार्थात घालण्याची रीत होती. ‘आई दिवा लहान करते’ म्हटले काय किंवा ‘आईने दिवा लहान केला’ म्हटले काय, मराठीचे ‘लागावी’ तसेच राहते. ग्रीकमध्ये त्याचे रूप पालटे. हेतू नकारात्मक असला तर ‘मे’ हे अव्यय येई. हे ‘मे’ म्हणजे संस्कृतातील निषेधवाचक ‘मा’ या अव्ययाचे सख्खे भावंड आहे.

याखेरीज इतरही वाटा होत्या. कोणाला काही करावयास पाठविले असेल, तर भविष्यकाळाचे धातुसाधित वापरून काम भागे. कोणाला एखादे काम करण्यास नेमले किंवा काही राखण्यास दिले असेल, तर संस्कृतातील तुमन्ताची आठवण करून देणारे रूप येई. हेतूऐवजी परिणाम सांगावयाचा असेल, तर ‘होस्ते’ हे निराळे अव्यय होते. त्यातही परिणाम खरोखर घडला असेल तर क्रियापद स्वार्थात ठेवीत, आणि तो घडण्याजोगा होता एवढेच सांगावयाचे असेल तर ते तुमन्तासारख्या रूपात घालीत.

ही व्यवस्था कोणी एका दिवशी बसून ठरविलेली नव्हती. होमरच्या महाकाव्यांत तिची बाल्यावस्था दिसते. तेथे काही ठिकाणी हेतुवाक्य हे मुळात दोन स्वतंत्र वाक्ये शेजारी ठेवल्यासारखे भासते. ‘तू लपून राहा, शत्रू तुला न पाहो’, अशी ही दोन वाक्ये. पहिली आज्ञा, दुसरी धास्तीतून उमटलेली इच्छा. पुढे बोलणाऱ्यांच्या मनात त्यांचा सांधा घट्ट झाला आणि ‘शत्रूने तुला पाहू नये म्हणून तू लपून राहा’ असे एकसंध वाक्य झाले. हेतुवाक्याच्या उगमाविषयीचे हे मत एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी साधार मांडले. बेर्टोल्ड डेलब्रुक या जर्मन विद्वानाने १८७१ साली संस्कृत व ग्रीक या दोन भाषांतील संभावनार्थ आणि इच्छार्थ यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, तर अमेरिकेत विल्यम गुडविन याचा ग्रीक क्रियापदाच्या अर्थांवरील ग्रंथ १८६० साली निघाला आणि १८८९ साली पुष्कळ विस्तारला.

परंतु व्याकरणाचा हा नियम जिवंत माणसांच्या संकटात कसा उतरतो, हे पाहावयाचे तर थ्युसिडिडीझच्या इतिहासाकडे वळावे लागते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील महायुद्ध ख्रिस्तपूर्व ४३१ साली सुरू झाले. किथेरॉन पर्वताच्या उत्तर पायथ्याशी असलेले प्लाटिआ हे लहानसे नगर अथेन्सचे मित्र होते. ख्रिस्तपूर्व ४२९ साली स्पार्टाच्या बाजूच्या सैन्याने त्याला वेढा घातला आणि सभोवार भिंत बांधली. अन्न संपत आले आणि अथेन्सकडून मदत येण्याची आशा मावळली, तेव्हा ख्रिस्तपूर्व ४२८-२७ च्या हिवाळ्यात आतील सुमारे २२० जणांनी ती भिंत ओलांडून निसटण्याचे ठरविले. शत्रूच्या भिंतीतील विटांचे थर पुन्हा पुन्हा मोजून त्यांनी तिची उंची काढली व त्या मापाच्या शिड्या केल्या. वाऱ्यापावसाची, चंद्र नसलेली रात्र त्यांनी निवडली. चिखलात पाय घसरू नये म्हणून त्यांनी एकट्या डाव्या पायातच पादत्राण घातले होते.

काही जण वर चढले असता एकाच्या हाताच्या धक्क्याने एक कौल खाली पडले आणि पहारेकरी सावध झाले. शत्रूने लागलीच थीब्ज नगराच्या दिशेने धोक्याच्या मशाली उंचावल्या. पण नगरात मागे राहिलेल्यांनी याचीही तजवीज करून ठेवली होती. त्यांनीही आपल्या तटावरून पुष्कळ मशाली वर धरल्या. यामागचा त्यांचा हेतू थ्युसिडिडीझ दुहेरी सांगतो : शत्रूच्या खुणा दुर्बोध व्हाव्यात, आणि थीब्जकरांनी मदतीला धावून येऊ नये. ही दोन्ही क्रियापदे एकाच ‘होपोस’च्या आधाराने उभी आहेत, पण पहिले संभावनार्थात आहे आणि दुसरे इच्छार्थात.

एकाच वाक्यात, एकाच हेतूच्या पोटात, हे दोन अर्थ का यावेत? काही अभ्यासक यात केवळ शैलीचे वैचित्र्य पाहतात आणि थ्युसिडिडीझला वैचित्र्याची आवड होती हे खरेच आहे. पण दुसरे एक उत्तर अधिक समाधान देते. मशालींचा गोंधळ उडविणे हे तटावरील माणसांच्या हातचे होते. ते काम ती करीतच होती. थीब्जकरांनी न येणे हे मात्र त्यांच्या हाती नव्हते. ते थीब्जकरांच्या समजुतीवर अवलंबून होते. जवळचा हेतू अपेक्षेच्या रूपात आला, दूरचा हेतू आशेच्या रूपात. मशाल धरणाऱ्याच्या मनातील हे अंतर इतिहासकाराने क्रियापदाच्या प्रत्ययात नोंदवून ठेवले.

त्या रात्री २१२ जण सुखरूप निसटले व अथेन्सला पोहोचले. काही जण माघारी फिरले होते आणि एक तिरंदाज पकडला गेला. ज्यांनी मशाली धरल्या त्यांच्या नशिबी मात्र सुटका नव्हती. ख्रिस्तपूर्व ४२७ च्या उन्हाळ्यात प्लाटिआ शरण गेले. आत उरलेल्यांपैकी किमान २०० प्लाटिआवासी आणि त्यांच्याबरोबर वेढ्यात सापडलेले २५ अथेन्सकर यांना ठार करण्यात आले. स्त्रियांना गुलाम करण्यात आले. हेतू सफल झाला, पण त्याचे फळ हेतू धरणाऱ्यांना मिळाले नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भूतकाळानंतर इच्छार्थ यावा, हा नियम थ्युसिडिडीझ आणि हेरोडोटस हे दोन्ही इतिहासकार वारंवार बाजूला सारतात आणि तेथे संभावनार्थच ठेवतात. झेनोफनसारखे लेखक इच्छार्थाला अधिक पसंती देतात. संभावनार्थ ठेवल्याने त्या माणसाचा हेतू त्याच्या मनात त्या क्षणी जसा होता तसा, ताजा, वाचकापुढे येतो. इच्छार्थाने तोच हेतू सांगणाऱ्याच्या दृष्टीतून, थोड्या अंतरावरून दिसतो. नियम मोडल्यासारखा वाटतो तेथे वास्तविक निवड केलेली असते.

हेतूचा आणखी एक प्रकार ग्रीकांनी वेगळा काढला होता : जो आता कधीही सिद्धीस जाऊ शकत नाही तो. अशा ठिकाणी ‘हिना’नंतर क्रियापद स्वार्थाच्या भूतकाळी रूपात येई. सोफोक्लीझच्या ‘ईडिपस राजा’ या नाटकात आपली खरी ओळख पटल्यावर अंध झालेला ईडिपस, प्लाटिआच्या माथ्यावर उभ्या असलेल्या त्याच किथेरॉन पर्वताला उद्देशून बोलतो. बालपणी आपल्याला तेथे टाकून दिले होते, तेव्हाच मरण का आले नाही, म्हणजे आपले जन्मरहस्य जगाला कधी कळलेच नसते, असा त्याचा आक्रोश आहे. त्या वाक्यातील हेतूला संभावनार्थ नाही आणि इच्छार्थही नाही. वेळ टळून गेल्यावर आशेला जागा कोठून राहणार?

भाषा वापरणाऱ्यांनी हे भेद प्रथम केले आणि त्यांना नावे मागाहून मिळाली. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील प्रोटॅगोरस याने बोलण्याचे इच्छा, प्रश्न, उत्तर आणि आज्ञा असे चार भाग पाडल्याचे सांगतात. त्याने होमरवर घेतलेला आक्षेप अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात नमूद केला आहे : महाकाव्याच्या प्रारंभी कवी देवीची प्रार्थना करतो असे समजतो, पण क्रियापद मात्र आज्ञेचे वापरतो. पुढे डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर चालत आलेल्या छोट्या व्याकरणात पाच अर्थ गणलेले आढळतात. त्यांना ग्रीकमध्ये ‘एन्क्लिसिस’ म्हणजे ‘कल’ असे नाव होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनियस डिस्कोलस याने अर्थांचा संबंध बोलणाऱ्याच्या मनःस्थितीशी जोडला.

पण शास्त्रकार हे सारे बांधीत होते, त्याच काळात बोलणाऱ्यांच्या तोंडून इच्छार्थ निसटू लागला होता. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांमागोमाग ग्रीक भाषा इजिप्त, सीरिया आणि त्यापलीकडे पसरली. अशोकाचा ग्रीक व अरामाईक भाषांतील शिलालेख १९५८ साली कंदाहार येथे सापडला, यावरून तिचा पल्ला ध्यानात येतो. ज्यांची ती मातृभाषा नव्हती अशी लक्षावधी माणसे ती बोलू लागली आणि बाजारात, छावणीत व घरात तिचे बारीक भेद झिजू लागले. ग्रीक भाषेतील ‘नवा करार’ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सिद्ध झाला. त्यात ‘हिना’ साडेसहाशेहून अधिक वेळा येते, परंतु इच्छार्थाची रूपे सत्तरच्याही आत आहेत. त्यांतही ‘असे न होवो’ या अर्थाचे ठरीव उद्गार पंधरा.

दुसऱ्या शतकात जुन्या अथेन्सच्या भाषेचे पुनरुज्जीवन करण्याची चळवळ उठली. सीरियाकडील सामोसाटा येथील लुशियनसारख्या लेखकांनी इच्छार्थ हौसेने वापरला, तोही कधी कधी जुन्या लेखकांनी जेथे वापरला नसता तेथेसुद्धा. ग्रंथांत तो दिसू लागला, पण लोकांच्या जिभेवर परतला नाही. पुढे स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लोपला, तेव्हा स्वार्थ आणि संभावनार्थ यांची पुष्कळ रूपे कानाला सारखीच वाटू लागली. मग हेतूचा सगळा भार ‘हिना’ या अव्ययावर पडला. ते झिजून ‘ना’ झाले, आणि आजच्या ग्रीकमध्ये तुमन्तासारख्या जुन्या रूपाचे कामही तेच करते. इच्छार्थाचा अवशेष म्हणून ‘मी येनितो’, म्हणजे ‘असे न होवो’, हा उद्गार आजही ऐकू येतो.

संस्कृताने मात्र अगदी उलटी वाट धरली. ग्रीकच्या संभावनार्थाशी नाते सांगणारा लेट् लकार वेदांत भरपूर आढळतो आणि पाणिनीने तो छंदाच्या, म्हणजे वैदिक भाषेच्या, संदर्भात सांगितला आहे; पण पुढील संस्कृतात तो लोपला. इच्छार्थाचा सहोदर असलेला लिङ् मात्र टिकला. ‘भरेत्’ हे संस्कृत रूप आणि ‘फेरोइ’ हे ग्रीक रूप एकाच मुळातून आलेले आहेत. एका बहिणीने एक दागिना ठेवला, दुसरीने दुसरा. पुढे प्राकृतांच्या वाटेने मराठीपर्यंत येताना लिङ् हाही मागे पडला. ‘करावे’, ‘जावे’ हा मराठीचा विध्यर्थ संस्कृतातील ‘तव्य’ प्रत्ययापासून घडला. कर्तव्य सांगणाऱ्या त्या प्रत्ययाला ‘म्हणून’ची जोड मिळाली आणि तोच मराठीत हेतूही सांगू लागला.

याचा अर्थ असा की, रूपे जातात, गरज जात नाही. कोणतीही भाषा एखादे रूप गमावल्याने विचाराला मुकत नाही. ती दुसरे रूप घडविते. गमावण्याची भीती आहे ती रूपाची नव्हे, तर ज्या विवेकासाठी रूप होते त्याची. यश मिळाले म्हणून मूळ हेतूही तोच होता असे मानणे, आणि अपयश आले म्हणून हेतूच नव्हता असे ठरविणे, या दोन्ही चुका इतिहास वाचताना सहज होतात. प्लाटिआच्या तटावर मशाली धरणाऱ्यांना त्या रात्री पुढचे काहीच ठाऊक नव्हते. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढे त्यांना ठाऊक होते; आणि ते अंतर दोन क्रियापदांच्या रूपांत चोवीस शतके टिकून राहिले आहे.