जिभाऊंची खाट

बरेच दिवस इथं काही लिहिलं नव्हतं. मध्यंतरी पिंपळनेरला जाऊन आलो. मागच्या खोलीचं छप्पर बदलायचं होतं, म्हणून सगळं सामान ओट्यावर काढलं, आणि त्यात जिभाऊंची खाट निघाली. सुतळी सैल पडलेली, एक पाय कलता. पुतण्या म्हणाला, "काका, देऊन टाकू का कुणाला?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

जिभाऊ म्हणजे माझे थोरले काका. (खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला जिभाऊ म्हणतात.) पांझरेच्या काठी शेत, पहाटे चारला उठून मोटार सुरू करायला जाणारा माणूस. 1996 च्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. धुळ्याला दवाखान्यात तीन आठवडे होते. वाचले. घरी आणताना सांगण्यात आलं, "पूर्ण आराम, अजिबात हलू देऊ नका." आम्ही ते अक्षरशः पाळलं. तोंड धुणं, जेवण, सगळं खाटेवर. ते म्हणायचे, "माले उभा कर रे, भाऊ." आणि मी, शिकलेला पुतण्या, त्यांना सांगायचो, "जिभाऊ, पडून राहा." महिन्याभरात पायांच्या काड्या झाल्या, पाठीला जखम झाली. फुप्फुसं केव्हाच साफ झाली होती, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. दिवाळीनंतर गेले.

ही गोष्ट मी पंचवीस वर्षं "वय झालं होतं" या वाक्याखाली झाकून ठेवली होती. झाकण उघडलं ते 2021 मध्ये. माझी मावसबहीण कोविडमुळे नाशिकला अतिदक्षता विभागात होती, व्हेंटिलेटरवर. चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं, की एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊन तिचे हातपाय हलवते. मग तिला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं. घरात सगळे चिडले. मावशी तर फोनवर रडली, "एवढ्या आजारी पोरीला कशाला छळतात?" बहीण पुढं स्वतःच्या पायांनी घरी आली. तिच्या बरं होण्याचं सगळं श्रेय व्यायामाला देण्याइतका मी भोळा नाही. पण प्रश्न डोक्यात बसला: आजारी माणसाला झोपवून ठेवायचं हे कुणी ठरवलं, आणि उठवायचं हे कुणी?

वाचायला लागलो तर इतिहास बराच जुना निघाला. एकोणिसाव्या शतकात विश्रांती हेच मोठं औषध होतं. मोडलेलं हाड स्थिर ठेवलं की जुळतं, मग आजारी शरीरही स्थिर ठेवावं, असा तो विचार. चुकीचा म्हणता येणार नाही, फक्त तो नको तितका ताणला गेला. 1899 मध्ये शिकागोच्या एमिल रीस या शल्यविशारदानं ऑपरेशन झालेल्या बायकांना लवकर उठवून पाहिलं. फारसं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात दवाखान्यात खाटा कमी आणि जखमी जास्त, म्हणून सैनिकांना लवकर उठवावं लागलं, आणि ते बिघडण्याऐवजी लवकर बरे होताना दिसले. 1947 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी अंथरुणाचे धोके सांगणारा एक छोटा, खोचक लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, ठिसूळ हाडं, बद्धकोष्ठ, पाठीच्या जखमा, मनाची उभारी जाणं. ती यादी वाचताना मला आमची मागची खोली दिसत होती.

आणि मग 1952 साल. हे साल मला फार विलक्षण वाटतं. बोस्टनमध्ये लेविन आणि लाऊन या डॉक्टरांनी हार्ट अटॅकच्या रुग्णांना पलंगावर आडवं न ठेवता आरामखुर्चीत बसवण्याचे आपले अनुभव त्याच वर्षी प्रसिद्ध केले. तोवर अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे हलू देत नसत. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरत होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात नळी घालून हातानं पिशवी दाबत श्वास द्यायची युक्ती काढली. यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. अशा रुग्णांतले मृत्यू निम्म्यावर आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तिथला.

आपल्याकडंही पोलिओनंच दार उघडलं. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी वणवण केल्यावर त्यांनी 1947 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी काम सुरू केलं. एका आईच्या हट्टातून पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. पुढं 1952-53 च्या सुमारास, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना अशा तिघांनी मिळून. 1955 मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आली. म्हणजे जिभाऊ आजारी पडले तेव्हा या विद्येला आपल्याच राज्यात चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. पिंपळनेरच्या आमच्या घरापर्यंत मात्र ती पोचली नव्हती. फिजिओथेरपी हा शब्दच आम्हाला ठाऊक नव्हता.

एक प्रयोग वाचून तर मी पुस्तक मिटून बसलो. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. निष्कर्ष असा, की तीस वर्षांच्या वयानं त्यांची श्रम करण्याची ताकद जेवढी घटली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती. तीन आठवडे! जिभाऊ दवाखान्यात होते तेवढेच. आणि ते धडधाकट नव्हते, विशीतले नव्हते. 2013 च्या एका अभ्यासात तर दिसलं, की अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा एक स्नायू दहा दिवसांत सरासरी 17.7 टक्के आक्रसतो.

2009 मध्ये शिकागो आणि आयोवातल्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या 104 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला झोपेची औषधं रोज थोडा वेळ थांबवून, जाग आल्यावर पहिल्या दिवसांपासूनच व्यायाम दिला. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे त्या गटात 59 टक्के निघाले, दुसऱ्यात 35 टक्के.

इथंच थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण गोष्ट पुढं आहे. 2015 मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. चोवीस तासांच्या आत उठवून फार जास्त चालवलेल्यांचे निकाल उलट थोडे वाईट होते. 2022 मध्ये अतिदक्षता विभागातल्या साडेसातशे रुग्णांवरच्या अभ्यासातही नेहमीपेक्षा जास्त व्यायाम देऊन फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढला. अर्थात त्यातल्या "नेहमीच्या" गटालाही उठवत-बसवत होतेच. म्हणजे जिभाऊंसारखं कुणालाच ठेवलं नव्हतं. व्यायामही औषधच आहे. मात्रा चुकली तर तोही बाधतो, आणि मात्रा ठरवायला जाणकार माणूस लागतो.

तेव्हा नातेवाईकांनो, (आपल्या घरातले निम्मे लोक हे वाचतात, म्हणून मुद्दाम) "आता उठवा सगळ्यांना" असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की घरी जायचा कागद हातात घेताना डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: "यांना कधी बसवायचं, कधी उभं करायचं, आणि ते कुणी शिकवेल?" मी 1996 मध्ये तो विचारला नाही. विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही एकट्याला दोष देत नाही. आमच्या मायेची समजूतच अशी होती, की ज्याच्यावर जीव आहे त्याला हलू द्यायचं नाही.

जिभाऊंना मात्र माहीत होतं. कुठलंही पुस्तक न वाचता, रोज मागत होते ते.

खाट अजून ओट्यावरच आहे. पुतण्याला म्हटलं, सुतळी आवळून घे, पाय नीट कर, राहू दे. पण तिच्याजवळ एक खुर्चीही ठेव.