सहावी संख्या

आज एकाच संख्येची हकीकत सांगावयाची आहे. ती संख्या ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव.

फ्रान्सांत तुलूझ येथें फर्मा नांवाचा न्यायाधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. पण त्या नादांत त्यानें भल्याभल्या पंडितांस मागें टाकलें. दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६. दोनासुद्धां या प्रत्येकांत एक मिळवा. ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ संख्या; एक व स्वतः यांवांचून त्यांस भाजक नाहीं. ६५,५३६ चा वर्ग करून एक मिळविला कीं आपली सहावी संख्या आली. हा क्रम कितीही लांबविला तरी मूळ संख्याच मिळतील, अशी फर्माची खात्री होती. १६४० सालीं त्यानें तसें लिहिलें. मात्र सिद्धता हातीं लागली नसल्याचेंही त्यानें लपविलें नाहीं.

१७३२ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील पंचवीस वर्षांच्या ऑयलरनें दाखविलें कीं, या सहाव्या संख्येस ६४१ नें निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. सरळ मार्गानें जावें तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागेल. पण ऑयलरनें पुढें सिद्ध केलें कीं, हिचा भाजक असलाच तर तो ६४ च्या कोणत्या तरी पटींत एक मिळवूनच येतो. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पांचवी ६४१! चारदां निराशा, पांचव्या खेपेस यश.

येथें माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं त्या पांच संख्या फळ्यावर लिहून, 'हें असेंच पुढें चालतें,' असें ठासून सांगितलें. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, सहावी कोणीं भागून पाहिली आहे काय?" मीं त्यास दटावून खालीं बसविलें. ६४१ ची गोष्ट माझ्या वाचनांत आली ती दोन वर्षांनीं. तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

फर्माच्या संख्या मात्र व्यर्थ गेल्या नाहींत. १७९६ सालीं विशीच्या आंतल्या गौसनें, केवळ पट्टी व कंपास यांनीं सतरा बाजूंची सुसम आकृति काढतां येते, हें सिद्ध केलें. आणि १७ ही फर्माचीच संख्या.

पहिल्या पांचांपलीकडे आजवर एकही मूळ निघालेली नाहीं. सातवी वीस आंकडी आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक, दुसऱ्यांत दोन, असे दुपटीनें दाणे मांडले, तर सगळे मिळून जितके होतात त्यांत दोन मिळवावे, म्हणजे ती येते. १८८० सालीं लाँद्री नावाच्या, ऐंशी ओलांडलेल्या फ्रेंच गृहस्थानें ती फोडली. लहान भाजक २,७४,१७७. पेन्शनीवर आल्यावर तो भागाकार मीं स्वतः कागदावर करून पाहिला. पहिल्या खेपेस बाकी उरली. दुसऱ्या खेपेस उरली नाहीं.