न कोरलेला दगड

आम्हा वसईकरांना दगडाचे नवल नाही. वालीवच्या पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर उभाच आहे. घराचे जोते, विहिरीचा काठ, आजीचे जाते आणि पाटा सारे त्याच काळ्या दगडाचे. परंतु शाळेत इतिहास शिकवू लागल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पुस्तकात आमच्या भागाचे नाव जिथे जिथे येते, तिथे तिथे त्याच्यामागोमाग दगडही येतो.

पहिले उदाहरण सोपाऱ्याचे. वालीवहून ते फार दूर नाही. प्राचीन काळी शूर्पारक म्हणून हे बंदर देशोदेशी ठाऊक होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही हाती आला. या आठव्या लेखाचा विषय मोठा गोड आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी फिरत. मी मात्र धर्मासाठी यात्रा करतो, वृद्धांना आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, असा त्याचा आशय. तो तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आणि ते संग्रहालय स्वतःच मालाडच्या पिवळसर व कुर्ल्याच्या करड्या दगडांत बांधलेले आहे.

दुसरे उदाहरण गोव्याचे. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. पुढे जुन्या गोव्यात बॉम जेझूचे चर्च उभे राहू लागले, तेव्हा तिथला जांभा नक्षीला पुरेना. म्हणून दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून गलबतांतून नेला. १६०५ साली ते चर्च पुरे झाले. आज गोव्याला जाणारा मराठी माणूस त्या भिंतीपुढे छायाचित्र काढून घेतो. आपल्यापुढचा दगड आपल्याच शेजारचा आहे, हे त्याच्या गावीही नसते. तिसरे उदाहरण तर पोरासोरांना पाठ आहे. तो वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून त्याचा तट फोडला.

हे तिन्ही दगड माणसाने घडवलेले. एकावर अक्षर, दुसऱ्यावर नक्षी, तिसऱ्यावर तोफेचे घाव. इतिहास म्हणजे माणसाचा हात लागलेला दगड, अशीच आपली समजूत. मला सांगायचे आहे ते मात्र एका अशा दगडाविषयी, ज्याच्यावर कोणी काही लिहिले नाही आणि ज्याचे कोणी काही बांधले नाही.

तो पाहायला रानावनात जावे लागत नाही. वसईरोडला लोकल धरावी, अंधेरीला उतरून पश्चिमेला बाहेर पडावे आणि भवन्स कॉलेजच्या रोखाने चालत राहावे. दुकाने, रिक्षा, धुण्याच्या दोऱ्या आणि चाळींच्या गर्दीतून वाट काढता काढता एकदम समोर काळा कातळ उभा राहतो. उंची सुमारे २०० फूट. वर हिरवळीची टोपी, आणि अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा. जणू कोणी प्रचंड खांबांची मोळी बांधून उभी केली आहे! कागदोपत्री याचे नाव गिल्बर्ट हिल. आसपासची वस्ती म्हणते गावदेवी डोंगरी, कारण माथ्यावर गावदेवीचे आणि दुर्गामातेचे देऊळ आहे.

कातळातच खोदलेल्या पायऱ्यांनी वर जाता येते. चढ थोडा पण उभा आहे. वर पोचले की दम लागलेला असतो आणि वारा अंगावर येतो. एकीकडे समुद्राची रेघ, दुसरीकडे उतरणारी विमाने, आणि मध्ये नजर जाईल तिथवर घरेच घरे. माझ्याबरोबर सातवीतली मुले होती. त्यांतल्या एकाने विचारले, ‘‘गुरुजी, हा कोणी बांधला?’’ मी म्हटले, ‘‘बाळ, हा बांधलेला नाही. हा उरलेला आहे.’’

उरलेला म्हणजे काय, ते सांगायला हवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भूमीला ठिकठिकाणी भेगा पडून शिलारस बाहेर येऊ लागला. एका मागून एक थर पसरले. त्यांतूनच सह्याद्री झाला, दख्खनचे पठार झाले. पुष्कळ झीज होऊनही आज हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत. आपल्या डोंगरांच्या बाजू पायऱ्या पायऱ्यांनी उतरतात त्या यामुळेच. मुंबईच्या बाजूला ही धग बराच काळ टिकली. अंधेरीचा हा खांबही त्याच आगीचे अपत्य. त्याचे वय सहा ते साडेसहा कोटी वर्षांच्या घरात धरतात.

आता त्याच्या अंगावरच्या रेघा. वाचकहो, त्यांचे गूढ तुमच्या अंगणातच उकलेल. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. ओल्या मातीने लिंपलेला तट उन्हात वाळला की त्याला भेगा पडतात. कारण वाळताना माती आकसते. चैत्रात आमच्या भातखाचरांत आणि मिठागरांच्या चिखलात अशाच पाच-सहा कोनी खपल्या दिसतात. शिलारसही निवताना आकसतो. जाड थर सावकाश निवाला म्हणजे भेगा आत आत, सरळ रेषेत उतरत जातात आणि सगळा दगड उभ्या खांबांत दुभंगतो. इतकी साधी गोष्ट. फक्त मातीला एक दिवस लागतो, आणि दगडाला कैक वर्षे.

या खांबाचे भाऊबंद जगात थोडे आहेत. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर असे सुमारे चाळीस हजार खांब समुद्रात उतरलेले आहेत; राक्षसाने बांधलेला रस्ता, असे लोक त्यांना म्हणत आले. अमेरिकेत वायोमिंग प्रांतातल्या उजाड माळावर ८६७ फुटांचा एक उभा कडा आहे. तिथल्या आदिवासींना तो पवित्र आहे. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक ठरवले, आणि आज दूरदूरचे लोक त्याच्या पायथ्याभोवती पायी प्रदक्षिणा घालतात. आपल्याकडे कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरील खांबांना १९७९ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला.

आणि आपला अंधेरीचा खांब? जाणकार सांगतात की तो एकटा नव्हता. जोगेश्वरीच्या बाजूपर्यंत अशा खांबांची रांगच होती. ती खाणवाल्यांनी फोडली. तिची खडी झाली, रस्त्यांत गेली, घरांच्या पायांत गेली. १९५२ साली केंद्र सरकारने या टेकडीला वनकायद्याचे संरक्षण दिले. २००७ साली, अभ्यासकांनी फार पाठपुरावा केल्यावर, मुंबई महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवले. पण तोवर वस्ती अगदी कातळाला येऊन भिडली होती. पाऊस आणि वारा आपले काम करीतच आहेत.

मी खाणवाल्यांना शिव्या देणार नाही. आपण दगड फोडणारेच लोक आहोत. जवळच महाकालीची, जोगेश्वरीची, कान्हेरीची लेणी आहेत. तीही डोंगराचे पोट कोरूनच झाली. वसईचा दगड गोव्याला गेला म्हणून कोणी रडत नाही. तोंडात घास पडावा म्हणून हातोडा उचलणाऱ्या माणसाला साडेसहा कोटी वर्षांची गोष्ट काय सांगावी? पण लेणे कोरणाऱ्याने डोंगराला काहीतरी परत दिले. खडी करणाऱ्याला ते शक्य नसते. म्हणून कुठला दगड फोडायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवण्याचे काम हातोड्याचे नव्हे. ते तुमचे माझे, सगळ्या गावाचे.

या बाबतीत आपल्या बायाबापड्यांनी सरकारच्या आधी निर्णय दिला होता, असे मला वाटते. शिलारस, थर, भेगा यांतले त्यांना काही माहीत नव्हते. परंतु हा दगड इतरांसारखा नाही, एवढे त्यांच्या डोळ्यांनी ओळखले आणि त्याच्या माथ्यावर त्यांनी गावदेवी बसवली. ज्याच्यावर देवी बसली त्याच्यावर सुरुंग लावायला हात थोडा तरी कचरतो.

सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा फक्त एक तुकडा मिळाला. त्या दगडाचा बाकीचा भाग कोणाच्या जोत्यात गेला, कोणत्या बांधात गेला, देव जाणे. सुदैवाने तो लेख इतरत्रही कोरलेला होता, म्हणून आपण पुरा वाचू शकतो. अंधेरीच्या खांबाची दुसरी प्रत मात्र कोठेही नाही. या सुट्टीत फराळ झाला, किल्ला सुकला, की मुलांना घेऊन एक सकाळ तिकडे जा. पायऱ्या सावकाश चढा. आणि किल्ल्याच्या भेगा मुलांच्या डोळ्यांत ताज्या आहेत तोवर त्यांना कातळावरच्या रेघा दाखवा.