चावणाऱ्या बुटाचा इतिहास

हंपीत तिसऱ्या दिवशी दुपारी विरूपाक्ष मंदिराच्या दाराशी बाबांनी बूट काढले, आणि मला त्यांच्या उजव्या मोज्याच्या टाचेवर रुपयाएवढा तांबूस डाग दिसला.

"बाबा, हे काय झालं?"

"कुठे काय?" म्हणत ते वाकून बघायला लागले. मोजा काढला. टाचेवर मोठा फोड येऊन फुटला होता आणि वरची कातडी बाजूला सरकली होती.

"दुखत नव्हतं का?"

"नाही रे. काहीच कळलं नाही."

आई एकदम गप्प झाली. बाबांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. पायाची संवेदना कमी होत जाते, जखमा लवकर भरत नाहीत, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. ते असं मोज्यावर उमटलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

आणखी एक गोष्ट मला लागली. बूट मी घेऊन दिले होते. सहलीच्या दोन दिवस आधी, ऑनलाइन, जुन्या बुटांवरचा नंबर बघून. शिवाय आदल्या रात्री मीच फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला होता: 'बाबांची आजची पावलं – 21,000!' त्यावर अंगठे आणि टाळ्या पडल्या होत्या.

होसपेटच्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी केली, रोज काय काय बघायचं ते सांगितलं, आणि चालणं बंद. त्या रात्री लॉजवर झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसलो. पायाला फोड येतो कसा, एवढाच प्रश्न होता. ते वाचन पुढे वर्षभर चाललं, कारण या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीला चांगलाच मोठा इतिहास निघाला.

आपण मराठीत म्हणतो, बूट चावतो. दोष बुटाचा. पण फार मोठ्या काळापर्यंत दोष पायाचा मानला जायचा, आणि पायाने बुटाच्या आकाराचं व्हायचं अशी अपेक्षा असायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत बरेचसे बूट डावे-उजवे नसतच. एकाच सरळ साच्यावर दोन्ही बनायचे आणि वापरून वापरून त्यांना पायाचा आकार यायचा. तोपर्यंत जे सोसायचं ते पायाने.

म्हणून त्या काळातले उपाय बूट बदलायचे नव्हते, तर त्याच बुटात तग धरायचे होते. फ्रान्सिस गाल्टन हे नाव डेटावर काम करणाऱ्यांना रिग्रेशनमुळे माहीत असतं. सुप्रजननशास्त्राच्या घातक कल्पनेचा जनकही तोच. पण त्याआधी तो आफ्रिकेत भटकलेला प्रवासी होता. 'द आर्ट ऑफ ट्रॅव्हल' हे त्याचं पुस्तक 1855 साली आलं आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये वाढत गेलं. फोड टाळण्यासाठी त्यात सल्ला आहे: निघण्याआधी मोज्याला आतून साबणाचा दाट फेस लावा. आणि चामडं मऊ करायचं असेल, तर घालण्याआधी बुटात कच्चं अंडं फोडा.

अंड्याचं वाचून मी हसलो. मग आजोबा आठवले. नवीन कोल्हापुरी आणली की ते तिला तेल पाजायचे. आठवडाभर रोज थोडं तेल, मग अंगणात थोडं चालणं. वारीला जाताना नवी वहाण घालायची नाही, हा त्यांचा नियम होता. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तेही पावसात. तिथे पायांवर प्रयोग करून चालत नाही. अंडं काय आणि तेल काय, दोघांना एकच गोष्ट कळली होती: लांबच्या वाटेला लागायच्या आधी चामडं वळवून घ्यायचं.

हा प्रश्न कोणी सगळ्यात गांभीर्याने घेतला असेल तर सैन्यांनी. सैनिक चालू शकला नाही तर तो लढायच्या आधीच बाद. अमेरिकी सैन्यातले डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या मंडळाने काही वर्षं खपून सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले. त्यातून 1912 साली 'द सोल्जर्स फूट अँड द मिलिटरी शू' हे पुस्तक आलं आणि बुटाचा नवा साचा मिळाला. पुढे निमुळता, टोकदार होत जाणारा नाही, तर बोटांना पसरायला जागा देणारा.

त्यांची माप घ्यायची पद्धत मला फार आवडली. सैनिकाच्या पाठीवर 40 पौंडांचं, म्हणजे साधारण 18 किलोंचं ओझं द्यायचं, सगळा भार एका पायावर घ्यायला लावायचा आणि मग त्या पायाचं माप घ्यायचं. कारण भाराखाली पाऊल लांबतं आणि पसरतं. खुर्चीत बसून घेतलेलं माप हे बसलेल्या माणसाचं माप. मग नवे बूट घालून काही मिनिटं उथळ पाण्यात उभं राहायचं आणि ते पायातच वाळेपर्यंत चालायचं. इथे पहिल्यांदा उलट झालं होतं: पायाने बुटाचा आकार घ्यायचा नाही, बुटाने पायाचा घ्यायचा.

हे पुस्तक लिहिलं होतं अधिकाऱ्यांसाठी. सैनिकांचे बूट नीट बसतात की नाही आणि त्यांचे पाय कसे आहेत हे बघायची जबाबदारी अधिकाऱ्यावर होती. हा मुद्दा मी तेव्हा वाचून पुढे गेलो. तो महत्त्वाचा होता हे नंतर कळलं.

रशियन सैन्याने वेगळी वाट धरली होती. तिथे मोजेच नव्हते. कापडाचा एक लांबट चौकोनी तुकडा पायाला घट्ट गुंडाळायचा आणि त्यावर बूट चढवायचा. त्याला म्हणतात 'पोर्त्यांकी'. उन्हाळ्यात सुती, थंडीत जाड उबदार. त्याला नंबर नाही, धुवायला सोपं, आणि पायाखालचा भाग ओला झाला की कोरडा भाग पायाशी येईल असं पुन्हा गुंडाळता येतं. फक्त गुंडाळताना सुरकुती राहिली की संध्याकाळी फोड ठरलेला. ही प्रथा एवढी टिकली की 2013 च्या जानेवारीत संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की या वर्षात पोर्त्यांकी विसरून जा. स्मार्टफोन आले होते, सैनिकाच्या पायाला मोजे अजून यायचे होते.

फोड म्हणजे 'एवढंसं काय त्यात' असं वाटत असेल, तर 1924 सालची गोष्ट वाचा. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव कॅल्विन, वय 16. जूनच्या अखेरीस व्हाइट हाउसच्या कोर्टवर तो मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. त्यात जंतुसंसर्ग झाला आणि विष रक्तात पसरलं. 7 जुलैला तो गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसांपैकी एकाचा मुलगा, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर, आणि कारण एक फोड. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती आणि ते औषध म्हणून सर्रास मिळायला त्याहून बरीच जास्त. हे मी लॉजवर, बाबांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत वाचलं. आपल्याकडे प्रतिजैविकं आहेत हे खरं. पण मधुमेही पायाची साधी जखम चिघळली तर आजही पाय काढायची वेळ येऊ शकते, हेही तितकंच खरं.

गंमत म्हणजे फोड नेमका होतो कसा, हे प्रयोगशाळेत तपासायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. एक प्रयोग आता करून बघा. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवा आणि न घसरू देता मागे-पुढे हलवा. बोट तिथेच चिकटून आहे, कातडी त्याच्याबरोबर जाते, पण आतलं हाड जागेवरच आहे. मधले थर ताणले जातात. बुटात हेच होतं, फक्त उलट बाजूने. घामाने कातडी मोज्याला धरून बसते, मोजा बुटाला, आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला सरकतं. शेवटी कातडीच्या आतलाच एक थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे फोड वरून घासून येत नाही, तो आतून फाटून येतो.

1955 मध्ये ब्रिटनमधल्या नेलर यांनी कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की अगदी कोरड्या किंवा अगदी ओल्या कातडीपेक्षा दमट कातडीवर घर्षण जास्त होतं. गाल्टनचा साबण का चालत असावा, ते शंभर वर्षांनी कळलं. 1966 मध्ये सुल्झबर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की असे फोड मुख्यतः तळहात-तळपायांसारख्या जाड, घट्ट बांधलेल्या कातडीतच येतात. इतर ठिकाणची पातळ कातडी सरळ खरचटते.

आणि 1973 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कोमायश यांचा एक निबंध आला. त्याच्या शीर्षकातच कातडीचा 'फटीग' होता. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि वर्गातल्या निम्म्या पोरांसारखा आयटीत गेलो, पण हा शब्द विसरलेलो नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवत राहिलात तर कमी जोरातही तुटते. त्याला फटीग म्हणतात. तिथे एका झटक्याचा जोर मोजून भागत नाही, तो किती वेळा बसला तेही मोजावं लागतं.

21,000 पावलं. दर पायाला साडेदहा हजार वेळा. ज्या आकड्याचा मी स्क्रीनशॉट टाकला होता, तो बाबांच्या टाचेच्या फटीगचा आकडा होता.

एकदा हे समजलं की सगळे उपाय तीन खणांत बसतात. घर्षण कमी करा, सरकणं कातडीच्या आत न होता बाहेर होईल असं करा, किंवा आवर्तनं कमी करा. साबण, तेल, व्हॅसलिन पहिल्या खणात. दोन मोजे, आत पातळ पॉलिस्टरचा आणि बाहेर दाट विणीचा, दुसऱ्या खणात. तिथे मोजा मोज्यावर सरकतो, कातडी वाचते. जरा बसणं, विसावा घेणं, रिक्षा करणं तिसऱ्या खणात.

प्रत्येक उपायाची किंमतही असते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या छात्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींनी आधीच्या काही रात्री पायांना घाम रोखणारं ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावलं, काहींनी नुसतंच दिसायला तसं द्रावण. मग 21 किलोमीटर चाल. खरं औषध लावलेल्यांत 21 टक्क्यांना फोड आले, दुसऱ्या गटात 48 टक्क्यांना. फरक मोठा. पण औषधवाल्यांपैकी 57 टक्क्यांनी पायाची आग, चुरचुर झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटात फक्त 6 टक्क्यांनी. पुढे 2016 मध्ये वाळवंटातल्या 250 किलोमीटरच्या शर्यतींतल्या धावकांवरचा अभ्यास आला. साधी, स्वस्त कागदी चिकटपट्टी आधीच लावून ठेवली तर फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले.

हे सगळं वाचून मी एक यादी केली आणि बाबांच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी निम्मी खोडली. घाम रोखणारं द्रावण नको, आधीच कातडी कोरडी आहे. चिकटपट्टी काढताना कातडी निघू शकते, ती विचारल्याशिवाय नको. तेव्हा लक्षात आलं, की हा इतिहास बहुतेक करून विशीतल्या पायांचा आहे. सैनिक, छात्र, धावक. त्या प्रत्येकाकडे एक गोष्ट होती जी बाबांकडे नाही. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागायला लागते, चुरचुरते. माणूस थांबतो, बूट काढतो, काहीतरी करतो. सगळे उपाय त्या अलार्मवर उभे आहेत. बाबांचा अलार्म बंद आहे.

मग मन्सन यांच्या पुस्तकातली ती जबाबदारीची गोष्ट आठवली. पाय दुखतोय का, हे सैनिकाला विचारून सोडून द्यायचं नाही. अधिकाऱ्याने स्वतः बघायचं.

आता आम्ही सहलीला जातो तेव्हा बूट निदान महिनाभर घरात वापरलेले असतात. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभं राहून माप देऊन घेतलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा सुरकुती बघायची. मोजे दिवसातून एकदा बदलायचे. आणि दर तासाला थांबायचं. दगड, कट्टा, पायरी, जे मिळेल त्यावर बाबा बसतात, मी मोजे काढून टाच, अंगठा, करंगळीची बाजू, बोटांच्या बेचक्या बघतो. लाल दिसलं की त्या दिवसाचं चालणं संपलं, पुढे रिक्षा.

पहिल्या वेळी त्यांना फार संकोच वाटला. "अरे, लोक बघतात," म्हणाले. पाय मागे ओढून घेतला.

दर दसऱ्याला मी त्यांच्या पाया पडत आलोय. इतक्या वर्षांत त्यांचे पाय नीट बघितले नव्हते. उजव्या टाचेवर त्या फोडाची जागा अजून फिकट दिसते, डाव्या अंगठ्याचं नख थोडं वाकडं आहे.

"वाकडं आधीपासून आहे?" मी विचारलं.

"कंपनीत लोखंडी पेटी पडली होती. तू दोन वर्षांचा होतास," म्हणाले. आणि मग पाय स्वतःच पुढे केला.